वहिनीने काठी हातात घेतली

आमच्या आप्पाला लकवा मारला आणि त्याच्या तोंडात दोनच शब्द उरले. "कावून बे."

म्हणजे आमच्या बोलीत "का रे". तहान लागली तरी "कावून बे" आणि ताटात भात जास्त पडला तरी "कावून बे". अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, "काका, नाव काय तुमचं?" त्यांच्याही तोंडावर तेच. कड्याहून माझ्या लेकीची सासू बघायला आली. डोक्यावरचा पदर सारखा करून लांबूनच म्हणाली, "आता बरं वाटतंय का?" आप्पा म्हणाला, "कावून बे." बाईमाणसाला बे म्हणायचं म्हणजे आमच्याकडे अब्रूचं काम. विहीणबाई सफरचंदाची पिशवी ठेवून ज्या गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. मला तिथे हसू आवरेना आणि घरी येऊन चहा टाकला तर रडू आवरेना.

आप्पा म्हणजे शिवलिंगप्पा, माझा थोरला भाऊ. मी रुद्राणी. मला गावातच दिलं, भावाच्या घरापासून चार दारं सोडून, त्यामुळे माझं माहेर कधी सुटलं नाही आणि माझी जीभही कधी सासुरवाशिणीची झाली नाही. धारूरच्या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. दुकानावर पाटी आप्पाच्या नावाची, पण गल्ल्यावर आणि तराजूवर कायम महादेवी वहिनी. आप्पाचा जीव दुकानामागच्या अंगणात. तिथे तो गावातल्या पोरापोरींना लाठीकाठी शिकवायचा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गावची पोरं काठी अशी फिरवतात की समोरच्याला काठी दिसतच नाही, नुसता वारा लागतो. ती सगळी आप्पाच्या अंगणातली.

त्याची शिकवायची तऱ्हा मोठी विचित्र होती. पोरगं हौसेने नवी काठी घेऊन यायचं आणि आप्पा ती काठी भिंतीला उभी करून ठेवायचा. पहिले कितीतरी दिवस नुसतं मनगट. रिकाम्या हाताने हवेत आडवा आठ काढायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा. पोरांचे बाप कुरकुरायचे. आप्पा म्हणायचा, "त्याची जीभ बघा." आणि खरंच, नवं पोरगं मनगट फिरवायला लागलं की त्याची जीभ दातांतून बाहेर येते. डोकं सगळं त्या मनगटात गुंतलेलं असतं ना, जिभेवर लक्ष ठेवायला कुणी उरतच नाही. एक दिवस जीभ आपोआप आत जाते. मग आप्पा काठी हातात द्यायचा. जीभ आत गेली म्हणजे हाताला कळलं, डोकं मोकळं झालं, असा त्याचा हिशोब. आणि एखादं पोरगं जमत नाही म्हणून रडकुंडीला आलं की त्याला घरी हाकलायचा. "जा, झोप. उद्या येतं बघ." दुसऱ्या दिवशी खरंच यायचं. झोपेत हात कुठे शिकायला जातो देव जाणे.

हे सगळं वहिनीला पाठ. दुकानाच्या मागच्या दारात बसून तूर निवडायची, डोळे सुपात आणि अर्धं ध्यान अंगणात. मध्येच मान वर करून म्हणायची, "त्या पोराचं मनगट लई ताठ हाय." आणि ते खरंच ताठ असायचं. मला वाटायचं, हिच्या हातात काठी दिली तर ही आप्पाला मागे टाकेल.

लकव्याने आप्पाचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय ओढत ओढत चालायला लागला, हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. कळायचं सगळं. डोळे तेच, पूर्वीचेच, मिश्कील. पण ओठ हलवून हलवून शेवटी "कावून बे" निघायचं आणि ते त्यालाही ऐकू यायचं. मग तो मान खाली घालायचा. ते बघवत नव्हतं.

वहिनी एकदा मला म्हणाली, "अक्का, चालले न्हाई तर चालंल. हात न्हाई आला तर मी भरवीन. पण मला हाक मारली पाहिजे हो यांनी. हाकेबिगर घर कसलं?"

वहिनी रडणाऱ्यातली नाही. दुकानात उधारी बुडवणाऱ्याला रस्त्यापर्यंत जाऊन गाठणारी बाई. तिने हे म्हटलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग एका सकाळी आप्पाला पूजेला बसवलं. आम्ही लिंगायत, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. डावा हात शाबूत होता. वहिनीने त्याच्या तळहातावर लिंग ठेवलं, भस्म लावलं, आणि आप्पाने डोळे मिटून स्पष्ट, खणखणीत म्हटलं, "ॐ नमः शिवाय." पुन्हा म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वहिनीच्या हातातला बेल खाली पडला. पायरीवर येऊन तिने अशी आरोळी दिली की मी ओल्या हाताने पळत आले. पूजा संपली. वहिनी त्याच्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "चहा ठिवू का?"

"कावून बे," आप्पा म्हणाला.

अंबाजोगाईला बोलणं शिकवणारी एक मुलगी होती, चैताली. नांदूरघाटची. आठवड्याला आम्ही एस.टी.ने तिच्याकडे जायचो. तिला मी जरा चिडूनच विचारलं, "देवाशी बोलतो, आमच्याशी न्हाई. असं कावून?"

ती हसली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "आत्या, आपण विचार करून, शब्द शोधून बोलतो ना, ते काम डोक्याच्या डाव्या बाजूला चालतं. काकांना मार तिथंच बसलाय. पण जे हजारदा म्हणून झालंय, देवाचं नाव, आकडे, शिवीसुद्धा, ते दुसरीकडंबी मुरलेलं असतं. ते आपोआप येतं. मागितलं की येत न्हाई." मग तिने विचारलं, "काका रोज काय करायचे?"

"काठी शिकवायचे," वहिनी म्हणाली.

"मग त्यांना पेशंट करून कावून बसवलंय? वस्ताद करून बसवा."

अंगण तसं ओस पडलं होतं. वस्तादच आजारी म्हटल्यावर पोरं दुसरीकडे कराटेला जायला लागली होती. वहिनीने बंकटला निरोप धाडला. बंकट आप्पाचा सगळ्यात तयार शिष्य, आता एस.टी.त ड्रायव्हर आहे, पोट थोडं सुटलंय. ड्यूटीवर जायच्या आधी तो काठी घेऊन हजर झाला, खुर्चीतल्या आप्पाच्या पाया पडला आणि अंगणात उभा राहिला. काठी फिरली. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला आप्पाची डावी टाच जमिनीवर पडायला लागली. आणि मग तोंडातून आलं, "एक. दोन. तीन. चार." बंकटची काठी वळेल तिथे आकडा. एकही आकडा चुकला नाही. बंकट फिरता फिरता रडत होता, ते आम्हाला दिसत होतं, पण काठी काही त्याने थांबवली नाही. मोठी जिगर लागते त्याला.

रोज सकाळी बंकट यायला लागला. आकडे यायचे, पण आकड्यांच्या पुढे काही नाही. बंकट चुकतच नव्हता ना. तयार हात तो, त्याला वस्तादाने काय सांगायचं?

अशात एक दिवस मी चहाची कपबशी घेऊन अंगण ओलांडायला गेले, माझ्याच तंद्रीत. बंकटची काठी मागून फिरून येत होती. "रुद्रे, सर!" अशी हाक आली की मी कपबशीसकट भिंतीला जाऊन चिकटले. हाक आप्पाची होती. लहानपणी म्हशीच्या पायात गेले, आडाच्या काठावर चढले की अशीच यायची.

माझं नाव आलं! मी सगळ्या गल्लीला सांगून आले. आनंदाने मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी बघते तर वहिनी दुकानात, गिऱ्हाईक नसताना तराजूची पारडी पुसत बसलेली. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"देवाचं आलं, आकडे आले, तुमचं नाव आलं," ती म्हणाली. "माझं कावून न्हाई?"

आता माझी जीभ. जे मनात येतं ते थांबवता येत नाही. मी म्हणाले, "वहिनी, त्यानं तुझं नाव कधी घेतलं होतं का?"

ती पुन्हा पारडं पुसायला लागली. खरंच घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते तेवढंच. आमच्या पिढीत नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही, मारली तर लोक हसायचे. आप्पा तिला "अगं" म्हणायचा, नाहीतर "ऐकलं का", नाहीतर आमच्या वीरेशच्या नावाने "वीरेशची आई". निम्म्या वेळा तर नुसता खाकरायचा आणि वहिनी पाणी घेऊन जायची. उभा जन्म एका घरात काढला आणि ज्या तोंडाने गावातल्या शंभर पोरांची नावं घेतली त्या तोंडाला बायकोच्या नावाचं वळणच नव्हतं. मग मुरणार काय आणि वर येणार काय? मला त्या दिवशी आपल्या सगळ्या रीतीभातींचा राग आला.

चैतालीला फोन केला. ती म्हणाली, "जुनं न्हाई तर नवं शिकवायचं. तोंड बी हातासारखंच हाय, आत्या. रोज वळवावं लागतं. पण नुसतं 'नाव म्हणा, नाव म्हणा' करून न्हाई जमायचं. नावाची खरी गरज पडली पाहिजे त्यांना."

त्यातच बंकटची ड्यूटी बदलली. पहाटेची गाडी मिळाली, सकाळी यायला जमेना. दोन दिवस अंगण मोकळं गेलं आणि आप्पाचे आकडे पुन्हा विझले. तिसऱ्या दिवशी वहिनीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, नेसत्या इरकलीचा काष्टा मारला, भिंतीची काठी उचलली आणि आप्पासमोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, ह्या वयात?" मी म्हणाले.

"बघून बघून मला सगळं येतं," ती म्हणाली.

कशाचं येतंय! पहिल्याच फेऱ्याला काठी तिच्या नडगीवर बसली. दुसऱ्याला तुळशीच्या कुंडीवर. डोळ्यांनी इतकी वर्षं पाहिलेलं हाताला काडीचंही ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांचं ताठ मनगट ओळखणारी बाई, तिचं स्वतःचं मनगट लाटण्यासारखं ताठ. आणि जीभ? जीभ पार बाहेर. मी पायरीवर बसून पोट धरून हसले. आप्पाही हसला. आजारानंतर पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

सगळ्यात मोठी खोड तिच्या पायाची. काठी उजवीकडून खाली आली की डावा पाय पुढे घ्यायचा, नाहीतर उजव्या नडगीवर बसते. वहिनीचा उजवाच पुढे यायचा. दर वेळी. का, ते माझ्या लक्षात आलं. तराजूपाशी ती कायम उजवा पाय पुढे टाकून, त्यावर भार देऊन उभी राहते. साखर जोखता जोखता पायाने जे शिकून ठेवलं होतं ते तो सोडायला तयार नव्हता.

आप्पाला ते बघवेना. खुर्चीत तो पुढे पुढे सरकायला लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनीचा पाय पुन्हा चुकला आणि आप्पा ओरडला, "बंकट, पाय!"

चूक सांगताना आधी नाव घ्यायचं, ही त्याची जुनी पद्धत. नुसतं "पाय" म्हटलं तर अंगणातली सगळीच पोरं आपापल्या पायाकडे बघतात आणि सगळ्यांचंच बिघडतं. म्हणून नाव आणि लगेच चूक, काठी खाली यायच्या आत. त्या जागी इतकी वर्षं बंकट होता, भागवत होता, सटवा होता. वहिनी कधीच नव्हती.

मला वाटलं ती काठी टाकून आत जाईल. डोळे भरलेच होते. पण ती त्याच्याजवळ गेली, त्याचा डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "बंकट न्हाई. महादेवी. महादेवी, पाय. असं म्हणा." आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.

मग हे रोजचंच झालं. ती चुकायची, तो "बंकट, पाय!" म्हणायचा, ती तिथल्या तिथे "महादेवी" म्हणायची आणि पुढचा फेरा धरायची. कधी मी "भागवत" ऐकलं. एकदा "रुद्रे, पाय!" आलं तेव्हा मी पायरीवरून उठून घरीच निघून गेले, मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. श्रावण गेला, गणपती गेले. वीरेश पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, नडगी फोडून घेशील." तिच्या दोन्ही नडग्या जांभळ्या झाल्याच होत्या. रात्री हळदीचा लेप लावायची आणि सकाळी पुन्हा उभी. गल्लीतल्या बायका दुकानाच्या दारातून डोकवायच्या. एकीने मला विचारलं, "तुमच्या वहिनीला बी काई झालंय का?" मी म्हणाले, "हो, जिद्द झालीय. औषध असलं तर सांगा." बाई गेली.

आप्पाचं तोंड मात्र काम करत होतं. "महादेवी" म्हटलं की ओठ मिटायचे, म साठी, आणि तिथेच अडकायचे. "म्... म्..." करायचा, कपाळावर शीर यायची. मग रागाने "कावून बे!" वहिनी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. झोपा आता. उद्या येतं बघा." त्याचंच वाक्य त्याला. आणि एका दुपारी मी बघितलं, तो एकटाच खाटेवर बसून ओठ मिटत होता, उघडत होता. आवाज नाही. जीभ दातांतून थोडी बाहेर आलेली. मी पाऊल न वाजवता मागे फिरले.

दसऱ्याला आमच्या अंगणात काठ्यांची पूजा होते. पूजा झाली, वहिनीने नैवेद्य दाखवला आणि सणाच्या नव्या साडीत, म्हणाली, एक फेरा घेतेच. मनगट आता बरं वळत होतं, ते मान्य करायला पाहिजे. जीभही आत होती. आप्पा टाचेने ताल धरत मोजत होता, एक, दोन, तीन. आणि साडी नवी, काठ कडक, तिचा पाय अडखळला. उजवा पुढे आला. काठी वरून निघाली होती.

"महादेवी, पाय!"

काठी तिच्या हातातून निसटून लांब गेली. आप्पा स्वतःच दचकला होता, आपल्या तोंडाकडे बघायची सोय असती तर त्याने बघितलं असतं. मग त्याने वहिनीकडे बघितलं आणि हळू, जपून, पहिल्यांदा आवाज न चढवता म्हटलं, "महादेवी." पाय नव्हता, काठी नव्हती. नुसतं नाव. वहिनी जिथे होती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. माझ्या भावाच्या तोंडून तिचं नाव ऐकायला मलाही इतकी वर्षं लागली होती.

आता थंडी पडलीय. आप्पाचे शब्द एकेक करून येतायत, पाणी, बस, भूक. "कावून बे" अजून आहे, पण आता ते कुठे वापरायचं ते त्याला कळतं. नावाचं मात्र अजून तसं खरं नाही. दसऱ्याला आलं तसं नुसतं, बसल्याजागी, पुन्हा फारसं येत नाही. बहुतेक वेळा अंगणातच येतं, काठी फिरताना, पाय चुकला की.

आणि वहिनीचा पाय तर आता सुधारला. दिवाळीनंतर तो आपोआप बरोबर पडायला लागला, ती मनात आणो न आणो. एकदा बरोबर पडायची सवय लागलेला पाय चुकवायचा म्हणजे केवढं अवघड काम, ते मी रोज सकाळी पायरीवर बसून बघते. काठी खाली यायला लागते, डावा पाय शहाण्यासारखा पुढे निघतो, आणि वहिनी त्याला दात आवळून मागे ओढते आणि उजवा टाकते. आप्पा जन्माचा वस्ताद. मुद्दाम चुकवलेला पाय त्याला कळत नसेल, असं कसं म्हणू? तरी तो रोज तिला हाक मारतो.